मफलरचा खोकला, बारकीचा ठिपका

४ फेब्रुवारी

बारके,

परवा फोन आपटताना तू म्हणालीस, "ताई, तुझ्याशी बोलण्यापेक्षा पत्र लिहिलेलं बरं." घे, लिहिलं. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका लाल पेनानं खुणावते, एक पान तुझ्या वाट्याला आलं तर काही बिघडत नाही. शिवाय फोनवर आपला आवाज चढला की आई टीव्ही बारीक करून ऐकते. पत्राला आवाज नसतो.

मुद्द्यावर येते. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्रात न्यायचं आणि आणायचं काम दोन वर्षं मफलर करताहेत. कोपऱ्यावरच्या टॅक्सी स्टँडवरचे मफलर. भर उन्हातही गळ्यात मफलर असतो, ते. परतल्यावर आई जिना चढून वर येते, गॅलरीतून पिवळा रुमाल हलवते आणि तो दिसला की मगच ते गाडी हलवतात. एकदा मी घरी नव्हते, आईला कुलूप उघडत नव्हतं, तर रुमाल दिसेना म्हणून हा माणूस तीन मजले चढून वर आला.

आता तू आठशे किलोमीटरवरून फोनवर बोट टेकवतेस आणि दाराशी कुठली तरी पांढरी गाडी उभी राहते. चालक दर वेळी नवा. त्याला आई कोण ते ठाऊक नाही, आईला तो कोण ते ठाऊक नाही. आणि याला तू सुरक्षित म्हणतेस!

तू चार दिवसांसाठी आलीस, आईच्या फोनमध्ये ते ॲप घातलंस आणि गेलीस. तेव्हापासून घरात एकच पालुपद, "बारकी मला नकाशावर बघतेय." शेजारणीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. दोन वर्षं रोज सकाळी तिचा गुडघा मी शेकते, ते तिनं कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

हो, माझ्या पोटात दुखतंय. मीच लिहून टाकते, म्हणजे तुला शोधून काढायचे कष्ट नकोत.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र लाल पेनानं लिहिलं नाहीस, उपकार झाले.

मी कुठं काम करते ते विसरलीस का? विम्याच्या कचेरीत. गाड्यांच्या अपघातांचे दावे दिवसभर माझ्या टेबलावर येतात. त्यांत एक वाक्य हटकून असतं, "चालक ओळखीचा होता." ओळखीचा म्हणजे काय, तर चेहरा पाहिलेला. मफलरांचं खरं नाव सांग बघू. गाडीचा विमा आहे का सांग. मागच्या सीटला पट्टा आहे का, तेवढं तरी सांग. मी पाठवते त्या गाडीत चालकाचं नाव, फोटो, नंबर, कुठल्या रस्त्यानं गेली ते सगळं नोंदलेलं असतं. आई आधी गाडीचा नंबर जुळवते, चार आकडे सांगते, तेव्हा गाडी सुरू होते. काही वेडंवाकडं वाटलं तर दाबायला लाल बटण आहे. तुझ्या मफलरांना कुठं बटण आहे?

मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी तो ठिपका बघत बसते. पुलावर आला, सिग्नलला थांबला, केंद्रापाशी पोचला. मग माझा जीव भांड्यात पडतो. साहेब विचारतात, का हसताय?

तुझ्या पोटात दुखतंय म्हणतेस, तर माझंही ऐक. तुला आई अख्खी मिळाली आहे. सकाळची, संध्याकाळची, चिडलेली, झोपलेली. माझ्याशी ती फोनवर चार मिनिटं बोलते. "जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवते." आणि मफलरांशी गाडीत अर्धा तास गप्पा मारते, हे तूच मला सांगितलंस. माझ्या वाट्याला एक ठिपका आला, तोही तुला बघवत नाही.

तोडगा सुचवते. मंगळवार माझा, शुक्रवार तुझा. लहानपणी खिडकीजवळची जागा अशीच वाटून घ्यायचो आपण. तेव्हाही तू माझ्या वाराला खिडकीत बसायचीस, ते मी विसरलेले नाही.

बारकी

२४ फेब्रुवारी

बारके,

तोडगा मान्य. आईला विचारलं. म्हणाली, "तुम्हाला काय वाटून घ्यायचं ते घ्या, फक्त मला मधून कापू नका."

तुझ्या मंगळवारचा हिशोब ऐक. छापखान्याला सुट्टी होती, म्हणून गॅलरीत उभी राहून सगळं पाहिलं. आई दहा मिनिटं आधी खाली जाऊन फाटकाशी उभी. जी गाडी हळू होईल तिला विचारते, "बारकीची गाडी का?" पावाच्या गाडीलासुद्धा विचारलं! तो पाववाला हसत निघून गेला. मग खरी गाडी आली, तर आईनं आपला फोनच चालकाच्या हातात दिला, "तुम्हीच बघा बाबा काय ते आकडे." तू शिकवलेलं नंबर जुळवणं ते हे. इतकी कौतुकाची बारकी, पण तिचं सांगणं धड ऐकायला नको.

परत आली तेव्हा आणखी मजा. वर येऊन गॅलरीत गेली आणि पिवळा रुमाल हलवायला लागली. मंगळवारी! तुझी गाडी केव्हाच निघून गेली होती, स्टँडवर मफलरही नव्हते. रिकाम्या रस्त्याला रुमाल. मी म्हटलं, "आई, कुणाला हलवतेस?" तर गोंधळली, म्हणाली, "सवय गं." बारके, आपण दोघी उगाच भांडतोय. तूही जिंकली नाहीस, मीही नाही. जिंकले ते मफलर.

त्यांचा खोकला काय वाढलाय! गाडी आली की आधी खोकतात, दार उघडून खोकतात, जिन्यापर्यंत पोचवायला येतात तेव्हाही खोकतात. मी आईला म्हटलं, असल्या माणसाच्या गाडीत काचा बंद करून बसू नकोस. तर म्हणते, "तो खोकला की मला बरं वाटतं." ऐकलंस? मी सर्दीनं शिंकले की म्हणते, तोंडावर रुमाल धर. मी मफलरांना तोंडावर सांगितलं, डॉक्टरला दाखवा. गळ्यातला मफलर नीट केला आणि "बरं ताई" म्हणाले.

माझा शुक्रवार नीट पार पडला.

तुझं मागचं पत्र टेबलावर उघडंच राहिलं होतं. आईनं त्यावर चहाचा कप ठेवला, पण वाचलं नाही. आपल्या वह्या चोरून वाचणारी बाई इतकी सभ्य कधी झाली? तरी यापुढे तुझी पत्रं बटणांच्या डब्यात लपवते आहे.

ताई

७ मार्च

ताई,

रुमालाचं वाचून मला रात्रभर झोप नाही. मी तिथं असते तर माझ्यासाठी हलवला असता का रुमाल? मी निघाले की ती दारातून "नीट जा" म्हणते आणि आत वळते. या मफलरांनी असं काय केलंय?

आणखी एक सांगते, हसू नकोस. मी तिला रोज एक फोटो पाठवते. तिचं उत्तर ठरलेलं, फोनवर बोलून पाठवलेलं, "छान दिसतेस." परवा चुकून ऑफिसातल्या एका चेपलेल्या बंपरचा फोटो गेला. अर्ध्या तासानं उत्तर आलं, "छान दिसतेस, रंग शोभतो." ताई, ती बघतही नाही गं. न बघता उत्तर देते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मी तर डोंगरही उरले नाही.

माझे मंगळवार अगदी सुरळीत चाललेत. ठिपका सरळ जातो, सरळ येतो. फोन चालकाच्या हातात देऊ नकोस म्हणून तिला बजाव. नंबर बघितल्याशिवाय बसायचं नाही, हे तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घे.

बारकी

१९ मार्च

बारके,

बंपरचं वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या ताटातलंही करपलेलं निघालं की जरा समाधान होतं. पण मग लाजही वाटली.

तिला बजावलं. दहा वेळा म्हणाली, शाळेतल्या मुलीसारखी. अकराव्या वेळी म्हणाली, "तुम्ही दोघी माझी चौकशी करता की गाडीची?" आणि चहा ओतायला गेली तो निम्मा बशीत. हल्ली तिचं लक्ष कुठं असतं देव जाणे. मी म्हटलं, कुणाच्या विचारात असतेस? तर बशीतलाच चहा पिऊ लागली.

तुझा मंगळवार, माझा शुक्रवार चालू आहे. वाद नको.

ताई

४ एप्रिल

बारके,

मंगळवारी फोनवर तू ओरडत होतीस आणि मी नुसती रडत होते. त्यामुळे तुला नीट काही कळलं नसणार. आज छापखान्यात गेले नाही. सगळं लिहिते, तुला न सांगितलेलंही.

तुझा फोन आला, "आई गाडीत बसलीच नाही, चालक म्हणतो केंद्राच्या दारात कुणी नाही, फेरी रद्द झाली, आई फोन उचलत नाही." अडीच वाजले होते. मी छापखान्याच्या चपलांवरच धावत स्टँडवर गेले. मफलर डबा उघडून बसले होते, तो तसाच ठेवून उठले. त्यांच्या गाडीतून केंद्रात पोचलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "त्या मघाशीच पांढऱ्या गाडीत बसून गेल्या की." म्हणजे भलत्याच गाडीत! परत गाडीत बसल्यावर मी मफलरांना म्हटलं, "दहा वेळा म्हणवून घेतलं होतं, नंबर बघ, नंबर बघ. एवढा साधा नंबर बघता येत नाही तिला?"

मफलर म्हणाले, "ताई, माईंना दिसत नाही. तुम्हाला ठाऊक नाही?"

बारके, मी गाडीत बसलेली होते, तरी खाली पडल्यासारखं वाटलं.

पाच महिने झालेत. समोरचं सगळं धुरकट, माणसाचं तोंड दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. त्यांना कसं कळलं? एकदा ती त्यांच्या गाडीऐवजी शेजारच्या गाडीचं दार उघडायला लागली. तेव्हापासून ते खोकतात. खोकला नाहीच त्यांना! गाडी कुठं उभी आहे, दार कुठल्या बाजूला, पायरी कुठं सुरू होते, ते तिला कळावं म्हणून खोकतात. चार माणसांत हाक मारली, हात धरला तर तिला लाज वाटते म्हणून. आणि मी त्यांना म्हटलं, डॉक्टरला दाखवा. आईनं त्यांना शपथ घातली होती, मुलींना सांगायचं नाही.

खरं सांगू? तशा घाईतही मला आधी त्यांचा हेवा वाटला. आई कुठं आहे पत्ता नाही, आणि माझ्या मनात काय, तर तिनं याला सांगितलं, मला नाही. इतकी मी खालच्या पायरीला गेले आहे.

त्यांनी गावातल्या पाच स्टँडना फोन केले. नाव नाही सांगितलं, एवढंच सांगितलं, "हातात पिवळा रुमाल असलेली बाई." वीस मिनिटांत मालधक्क्याकडच्या स्टँडवरून उलट फोन आला. टायरच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसली होती. टॅक्सीचा आवाज आला की रस्त्याकडे रुमाल हलवत होती.

त्या गाडीवाल्याची चूक काही मोठी नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी न्यायला आला होता. आईनं विचारलं, "बारकीची गाडी का?" तो फोनवर बोलत होता, त्यानं मान हलवली. आकडे बघायला तिनं फोन पुढे केला, तो त्यानं बघितलाच नाही. अर्ध्या वाटेत त्याचा खरा प्रवासी फोनवर ओरडला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दुकानदाराला सांगून आईला तिथं उतरवलं आणि गेला. माणूस बरा होता म्हणून बरं. नसता तर? हा विचार आला की मी उठून पाणी पिते. तिचा फोन वाजत होता, पण त्या घाबरगुंडीत उचलायचं हिरवं बटण तिला सापडेना.

आता मी लपवलेलं. फेब्रुवारीत, मी "माझा शुक्रवार नीट पार पडला" असं लिहिलं ना, त्याच शुक्रवारी मफलरांची गाडी वळणावर खांबाला घासली. ब्रेक उशिरा लागला. मागच्या सीटचा पट्टा तुटलेला, सुतळीनं बांधलेला होता. आईचा खांदा हिरवानिळा झाला. मी तिला म्हटलं, बारकीला सांगू नकोस. तू जिंकू नयेस म्हणून. आईच्या खांद्यापेक्षा मला माझा शुक्रवार मोठा वाटला. मफलरांनी दुसऱ्याच दिवशी ब्रेक आणि पट्टा दोन्ही नवे बसवले, माझ्यापेक्षा त्यांना जास्त लाज वाटली.

काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डाव्या डोळ्याला उशीर झालाय, तो आता परत यायचा नाही. उजव्याला सुया देऊन आहे ते टिकेल म्हणतात. "पाच महिने घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" असं विचारलं त्यांनी. छापखान्यात एक मात्रा सुटली तरी मला दिसते, बारके. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ताई

१२ एप्रिल

ताई,

पत्र चार वेळा वाचलं. आता माझं ऐक.

मीही लपवलं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी ठिपका पुलाऐवजी डावीकडे वळला आणि भलत्याच भागात गेला. तेवीस मिनिटं. चालक फोन उचलेना. मी लाल बटणाची आठवण करून द्यायला आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "कुठलं बटण गं? मला सापडत नाही." मला वाटलं, घाबरून गोंधळली. प्रत्यक्षात पूल बंद होता, तो लांबून नेत होता, एवढंच. पण ती तेवीस मिनिटं मी कचेरीच्या जिन्यात बसून काढली. ठिपका दिसत होता, ताई. मला सगळं दिसत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. ती घरी पोचल्यावर मी तिला फोनवर काय म्हटलं असेन? "ताईला सांगू नकोस." तुझेच शब्द. आपण एकाच आईच्या मुली खऱ्या.

आणि तुला लिहिलं, "ठिपका सरळ जातो, सरळ येतो."

बंपरचा फोटो आठवतो मला. "रंग शोभतो." मी रुसले होते तिच्यावर. तिला फोटो दिसत नव्हता, तरी रोज न चुकता मी छान दिसते म्हणत होती. आणि तिच्या फोनमध्ये चार आकड्यांचा, नंबर जुळवण्याचा खेळ मी मांडून दिला आणि निर्धास्त झाले. मंगळवारी आईला त्या स्टुलावर मी बसवलं, दुसऱ्या कुणी नाही. ते ॲप काढून टाकावंसं वाटतं, पण तेही रागाचंच झालं. तूर्त तू बरोबर असल्याशिवाय ती कुठल्याच गाडीत बसणार नाही, एवढं कबूल कर.

मला मफलरांचा राग येतो. आभार मानायला हवेत हे कळतं, तरी येतो. खोकायचं मला का नाही सुचलं?

रजेचा अर्ज टाकला आहे. ती माझ्याशी बोलेल ना?

बारकी

२० एप्रिल

बारके,

हे मी लिहितेय, आई. खाली पट्टी धरून लिहितेय, तरी ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्या असतील. ताई म्हणत होती, तू सांग मी लिहिते. नको म्हटलं. ती माझ्या चुका सुधारत बसेल.

तुला वाटतं मी रागावले. रागावले नाही. कंटाळले होते. डोळे जाताहेत असं सांगितलं असतं, तर तुम्ही दोघींनी डोळेही वाटून घेतले असते. डावा तुझा, उजवा ताईचा. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, कुणाच्या घरी राहायचं, सहा महिने भांडण चाललं असतं. मफलरला सांगितलं, कारण त्याला माझ्याकडून काही जिंकायचं नव्हतं. पण लपवलं ती चूक माझीच. डावा डोळा त्या चुकीत गेला. तो तुमच्या माथी मारणार नाही, तुम्हीही एकमेकींच्या माथी मारू नका.

मफलरला काल घरी चहाला बोलावलं. एक तास बसला, एकदाही खोकला नाही. ताई त्याच्याकडे बघतच राहिली असणार, कारण कपातल्या तिच्या चमच्याचा आवाज मधेच थांबला. मग तिनं त्याला त्याचं नाव विचारलं. दोन वर्षांनी.

आता एक काम. ताई बटणांच्या डब्यात पत्रं लपवते. तिला वाटतं मला ठाऊक नाही. बटणं हलली की आवाज होतो, मला ऐकू चांगलं येतं. टेबलावर उघडं पडलेलं एक पत्र मी हातात धरून खिडकीशी नेलं होतं, बारके. डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. तुझी शाई निळी आहे एवढंच कळलं. बाकी सगळं मुंग्यांसारखं. परत ठेवून दिलं आणि वर कप ठेवला, म्हणजे ताईला शंका यायला नको.

तुम्ही माझ्यावरून दोन महिने काय लिहिलंत, ते मला ऐकायचं आहे. ताईला सांगितलं तर ती डब्याकडेच धावली. फाडून टाकते म्हणाली. मी डबा उशाखाली घेतलाय. ताईनं तुला लिहिलेली तू घेऊन ये. तिची पत्रं तू मोठ्यानं वाच, तुझी ती वाचेल. मी मधे बसेन. एकही ओळ गाळायची नाही, गाळलीत तर मला आवाजावरून कळतं.

ठिपक्याच्या गाडीनं ये, नाहीतर स्टँडवरच्या गाडीनं ये, मला दोन्ही सारख्या. त्या दिवशी मी गॅलरीत उभी असेन, रुमाल घेऊन. खाली उतरलीस की खोक, म्हणजे कुठल्या बाजूला हलवायचा ते मला कळेल.

आई